बरोबरीत सुटलेली रात्र

फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला की शेवटच्या शिट्टीनंतरचे पहिले काही क्षण चाहत्याला अवघड जातात. विजयाचे हावभाव ठरलेले आहेत आणि पराभवाचेही. जिंकणारा उडी मारतो, ओळख नसलेल्या माणसालाही मिठी मारतो. हरणारा कपाळाला हात लावतो, नाहीतर टीव्ही बंद करून उठतो. बरोबरीसाठी अशी काही रीत नाही. हात अर्धवट वर जातात आणि तिथेच घोटाळतात. कुणी टाळ्या वाजवतो, पण जरा बेताने. मग तो हळूच शेजारच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. निकालावर खूश व्हायचे की नाही, हे अशा वेळी एकट्याने ठरवता येत नाही.

गुणफलक इथे फारशी मदत करत नाही. दोन-दोन म्हणजे दोन-दोन. पण दोन गोलांनी पुढे असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत ते दोन्ही गमावतो, तेव्हा त्याचा चाहता हरल्यासारखा घरी जातो, आणि समोरचा तेवढ्याच गोलांवर गाणी म्हणत जातो. शेवटचा गोल ज्याचा, त्याची झोप चांगली, असा साधारण हिशेब आहे. त्यालाही अपवाद आहेत. 24 सप्टेंबर 1977 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पेले न्यू यॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून मोहन बागानविरुद्ध खेळला. बागान 2-1 असे पुढे होते आणि कॉसमॉसने पेनल्टीवर बरोबरी साधली. म्हणजे हातची आघाडी गेली, तीही पेनल्टीवर. तरी कोलकात्यात तो सामना आजही जवळपास जिंकल्याच्या थाटात सांगितला जातो. समोर पेले असला की शेवटचा गोल कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

शून्य-शून्यमध्ये तर क्रमाचाही आधार नसतो. आधी काय घडले आणि नंतर काय, हे सांगायला गोलच नाहीत. तिथे चाहत्याचे सुखदुःख एकाच गोष्टीवर ठरते: सामना सुरू होताना तो कशाला घाबरत होता.

कागदोपत्री बरोबरीची किंमत मधल्या काळात घसरलीच आहे. पूर्वी विजयाला दोन गुण होते आणि बरोबरीला एक, म्हणजे बरोबरी हा सरळ अर्धा विजय होता. कंटाळवाणे, गोल टाळणारे सामने कमी व्हावेत म्हणून इंग्लंडच्या लीगने 1981 मध्ये विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली. 1994 च्या विश्वचषकापासून तिथेही तेच आले. अर्धा विजय एका फटक्यात एक-तृतीयांश झाला. प्रशिक्षकांनी हे गणित पटकन आत्मसात केले असेल. चाहत्याच्या मनात मात्र जुनाच भाव चालतो, आणि काही रात्री तर तो तीन गुणांच्याही वर जातो.

भारतीय फुटबॉलच्या चाहत्याला अशी एक रात्र 10 सप्टेंबर 2019 ला मिळाली. 2022 च्या विश्वचषकाची पात्रता फेरी चालू होती आणि दोह्याच्या जासिम बिन हमद स्टेडियमवर भारतासमोर कतार होता. त्याच वर्षीच्या 1 फेब्रुवारीला या संघाने अंतिम सामन्यात जपानला 3-1 ने हरवून आशियाई चषक जिंकला होता. त्या स्पर्धेतल्या सात सामन्यांत त्यांनी 19 गोल केले आणि स्वीकारला फक्त एक, तोही अंतिम सामन्यात. एकट्या अल्मोएझ अलीचे नऊ गोल होते. भारत तेव्हा जागतिक क्रमवारीत शंभराच्या पलीकडे होता.

आदल्या पाच दिवसांनी भीतीत भरच घातली होती. 5 सप्टेंबरला गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीच्या गोलने भारत पुढे होता. ऐंशी मिनिटे होऊन गेली, आणि उरलेल्या वेळात ओमानने दोन गोल करून सामना नेला. त्याच दिवशी कतारने अफगाणिस्तानला 6-0 ने हरवले. त्यात छेत्री तापाने आजारी पडला. ज्याच्याशिवाय भारत गोल कसा करणार, हा प्रश्न बरीच वर्षे कुणी गंभीरपणे विचारलाच नव्हता, तो खेळाडू संघातच नव्हता. त्या रात्री सामना पाहायला बसणाऱ्याने मनातल्या मनात आकडा ठरवून टाकला होता. कुणी तीन, कुणी चार, कुणी अफगाणिस्तानचा आकडा आठवून गप्प. चाहत्याची ही जुनी युक्ती आहे. वाईटाची किंमत आधीच मोजून ठेवायची, म्हणजे प्रत्यक्षात ती थोडी कमी निघाली तर वाचलेले पैसे आपलेच.

सामना सुरू झाला आणि अपेक्षेप्रमाणे चेंडू भारताच्या अर्ध्या भागात राहायला आला. कतारचे खेळाडू डावीकडून येत, उजवीकडून येत, कॉर्नरमागून कॉर्नर मिळवत, लांबून फटके मारत. दंडाला कर्णधाराची पट्टी बांधलेला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू ते एकेक करून अडवत होता. कधी बोटांच्या टोकांनी, कधी पायाने. त्याच्यापुढे चंडीगढचा संदेश झिंगन होता. बचावफळीतले उरलेले तिघे मराठी वाचकाच्या ओळखीच्या मुलखातले: मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई. त्यांच्या पुढ्यात मधल्या फळीत रॉलिन बोर्जेस, तोही गोव्याचा. वर्तमानपत्रांतून ही गोष्ट फारशी कुणी मिरवली नाही. पण त्या रात्री आशियाच्या विजेत्यांना ज्या भिंतीने थोपवले, तिच्या बऱ्याच विटा कोकण किनाऱ्याच्या होत्या, हे नोंदवायला हरकत नसावी.

अशा सामन्यात चाहता हळूहळू चेंडूकडे पाहणे सोडून देतो. त्याचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाला चिकटतात. पहिल्या वीस मिनिटांत त्याला काहीच वाटत नाही. गोल व्हायचाच आहे, उशिरा होईल एवढेच. मध्यंतराला शून्य-शून्य पाहून तो थोडा सावध होतो, पण बोलत नाही. साठाव्या मिनिटाला पहिल्यांदा आशा शिरते आणि तिथून पुढचा सगळा वेळ यातनेचा होतो. ज्याने चार गोलांची तयारी ठेवली होती, त्याला आता एकही गोल सहन होणार नसतो. मिनिटे लांबत जातात. चुलीवर दूध ठेवून समोर उभे राहणाऱ्याची जी अवस्था, तीच ही. काहीही न घडणे हेच साधायचे असते आणि नजर हलवली की घडेल असे वाटते. या काळात चाहते विलक्षण अंधश्रद्ध होतात. पाण्याला उठलेला माणूस परत त्याच खुर्चीत, त्याच पायावर पाय टाकून बसतो. कुणी चुकून ‘आता होतंय बरं का ड्रॉ’ म्हणालेच, तर सगळे त्याच्यावर वसकन ओरडतात.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला ही अवस्था नवी नाही. 11 जानेवारी 2021 ला सिडनीत हनुमा विहारी आणि रविचंद्रन अश्विन दुखऱ्या अंगाने षटकामागून षटक अडवत राहिले. विहारीने 161 चेंडूंत नाबाद 23 केल्या आणि कसोटी अनिर्णित राहिली. ती दुपार ज्यांनी पाहिली, त्यांना घड्याळाकडे पाहणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण कसोटीत षटके मोजता येतात. किती उरली ते आधी माहीत असते, आणि प्रत्येक अडवलेला चेंडू खात्यातून वजा होतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे संपली की चौथा पंच हातात फलक घेऊन आणखी मिनिटे वाढवून देतो, आणि ती किती असतील हे शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसते. ज्याला सामना संपायला हवा आहे, त्याच्यासाठी याहून क्रूर व्यवस्था सापडणार नाही.

आणि गंमत अशी, की त्या उत्तरार्धात भारतालाही संधी आली. उदांता सिंगने मारलेला फटका खांबाच्या अगदी जवळून बाहेर गेला. तो क्षण आठवणारे चाहते अजून दोन गटांत विभागलेले आहेत. काही म्हणतात, तो आत गेला असता तर काय रात्र झाली असती. बाकीच्यांना वाटते, बरे झाले गेला नाही. आत गेला असता तर कतार चवताळून उठला असता. हा दुसरा गट दिसतो त्यापेक्षा मोठा असावा. बरोबरीच्या आशेवर जगणाऱ्या माणसाला विजयाची चाहूलही धोक्याची वाटते.

शिट्टी वाजली आणि सामना शून्य-शून्यवर सुटला. मैदानावर भारतीय खेळाडू जागच्या जागी बसले, काही आडवे झाले. स्टेडियमवर आलेल्या भारतीयांनी जो गोंगाट केला, तो ऐकून एखाद्याला वाटले असते की चषकच जिंकला. आखाती देशांत काम करणाऱ्या माणसाला तसेही आपल्या देशाच्या नावाने मोठ्याने ओरडायची संधी वर्षातून किती वेळा मिळते? इकडे भारतात रात्र बरीच चढली होती आणि बरेच जण एकेकटे बसले होते. अशा वेळी आनंद कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. घरातले झोपलेले असतात. आरडाओरडा करावा, तर सकाळी कारण सांगावे लागणार.

दुसऱ्या दिवशीची अडचण त्याहून मोठी. डब्याच्या वेळेला कुणीतरी सहज विचारतो, ‘‘काय रे, काल मॅचचं काय झालं?’’

‘‘ड्रॉ. शून्य-शून्य.’’

‘‘अरेरे!’’

त्या एका ‘अरेरे’ने चाहत्याची सगळी रात्र मातीमोल होते. त्यात वाईट हेतू काहीच नसतो. उलट सहानुभूतीच असते. पण आता समजवायचे कुठून? गोल झाला असता तर तो फोनवर दाखवता आला असता. न झालेले गोल कसे दाखवणार? कतारचा आशियाई चषक, छेत्रीचा ताप, गुवाहाटीची ती शेवटची दहा मिनिटे हे सगळे सांगितल्याशिवाय त्या शून्याला अर्थ येत नाही, आणि तेवढे ऐकायला डबा खाणाऱ्याला वेळ नसतो. विजय एका वाक्यात सांगता येतो. लढून मिळवलेली बरोबरी सांगायला पूर्वपीठिका लागते. म्हणून ती बहुधा ज्यांनी ती पाहिली त्यांच्यातच राहते; दोन चाहते भेटले की नुसते ‘दोहा’ म्हटले तरी पुरते.

पाच आठवड्यांनी, 15 ऑक्टोबरला, याच संघाने कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर बांगलादेशशी बरोबरी केली. गुणतक्त्यात पुन्हा तसाच एक गुण जमा झाला. स्टेडियममध्ये साठ हजारांच्या आसपास माणसे होती आणि ती जिंकण्यासाठीच आली होती. छेत्री परतला होता, पण झिंगन जखमी होऊन बाहेर गेला होता. 42 व्या मिनिटाला बांगलादेशच्या साद उद्दीनने गोल केला आणि तो गोल 88 व्या मिनिटापर्यंत तसाच राहिला. मग कॉर्नरवर आदिल खानने हेडर मारून बरोबरी साधली. वर सांगितलेल्या हिशेबाने शेवटचा गोल भारताचा, तोही इतक्या उशिराचा. चाहत्याने उड्या मारायला हव्या होत्या. क्षणभर त्याने मारल्याही. पण शिट्टी वाजल्यावर सॉल्ट लेकमधून बाहेर पडणाऱ्या गर्दीत दोह्याचा आनंद नव्हता. सुटका झाल्याची भावना होती आणि तिच्या पोटात राग. बांगलादेशचे खेळाडू मात्र तिथे जवळपास तसेच उभे असणार, जसे भारताचे दोह्यात होते. कोलकात्यातला कतार भारत होता.

त्या गटात भारताने अशी आणखी एक रात्र काढली. 14 नोव्हेंबरला दुशान्बेच्या थंडीत अफगाणिस्तानशी 1-1. सेमिनलेन डुंगेलने जादा मिळालेल्या वेळेत हेडरवर बरोबरी साधली. पुढे महासाथीमुळे सामने अडले, आणि जून 2021 मध्ये उरलेले सगळे दोह्यातच झाले. 3 जूनला पुन्हा कतार समोर आला आणि राहुल भेकेला दुसरे पिवळे कार्ड मिळून तो सतराव्या मिनिटालाच बाहेर गेला. दहा जणांनी उरलेला सामना काढला आणि भारत 0-1 हरला. त्या पराभवाची चव कोलकात्यातल्या बरोबरीपेक्षा गोड होती, असे कबूल करणारे चाहते भेटतात. शेवटी आठ सामन्यांत एक विजय, चार बरोबरी, तीन पराभव अशी नोंद होऊन भारत सात गुणांवर तिसरा आला. सातांपैकी चार गुण बरोबरीचे. तक्त्यात ते चारही एकसारखे दिसतात.

बरोबरीवर आनंद करणाऱ्यांकडे मोठे संघ जरा नाक मुरडून पाहतात. 2016 च्या युरो स्पर्धेत आइसलँडने पहिल्याच सामन्यात पोर्तुगालला 1-1 असे अडवले, तेव्हा त्यांच्या जल्लोषावर क्रिस्तियानो रोनाल्डोने जाहीर नाराजी दाखवली होती. चाहत्याच्या दृष्टीने ही टीका अगदी बिनबुडाची आहे. ज्या देशाची लोकसंख्या नाशिक शहराच्या निम्मीही नाही, त्याने पोर्तुगालशी बरोबरी केल्यावर नाचू नये तर काय करावे? शिवाय त्याच पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत काढले आणि पुढे स्पर्धा जिंकली, म्हणजे बरोबरीचा खरा फायदा कुणी उचलला हेही दिसलेच. आइसलँडच्या प्रेक्षकांची दोन्ही हात वर करून संथ लयीत वाजवायची टाळी त्या स्पर्धेतून जगभर गेली. भारतीय संघ आणि त्याचे चाहतेही सामन्यानंतर ती वाजवू लागले. ती आली ती अशा लोकांकडून, ज्यांना एका गुणावर जल्लोष करण्याची लाज वाटत नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाला ब्राझील आहे. 1950 च्या विश्वचषकाच्या अखेरच्या सामन्यात, 16 जुलैला, रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विजेतेपदासाठी उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरत होती. ब्राझील आधी पुढे गेले, मग 1-1 झाले. त्या क्षणीही चषक त्यांचाच होता. अकरा मिनिटे उरली असताना उरुग्वेने दुसरा गोल केला. ‘बरोबरी चालेल’ ही चाहत्याच्या वाट्याला येणारी सर्वांत कठीण स्थिती असावी. जिंकायचेच असते तेव्हा माणूस पुढे पाहतो. बरोबरी चालणार असते तेव्हा सारखा मागे वळून पाहतो. भारत त्या विश्वचषकासाठी पात्र ठरला होता आणि गेलाच नाही, हा या कथेतला आपल्या वाट्याचा कोपरा. तिथे जाऊन एखादी बरोबरी जरी पदरात पडली असती, तरी आज तिच्यावर किती लिहिले गेले असते!

महाराष्ट्रात या खेळाचा सर्वांत हट्टी चाहता कोल्हापुरात मिळतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ उतरतात आणि पेठाच्या पेठा त्यांच्या मागे येतात. साखळी सामना बरोबरीत सुटला तर गुण वाटून घ्यायचे. बाद फेरीच्या स्पर्धेत मात्र टायब्रेकर, आणि तोही बरोबरीत गेला तर सडन डेथ. तिथे कुणालातरी हरावेच लागते. दोहा किंवा रिओपेक्षा इथली बरोबरी वेगळी, कारण समोरचा चाहता परदेशातला नसून पलीकडच्या गल्लीतला असतो आणि दुसऱ्या दिवशी मिसळीच्या दुकानात भेटणारच असतो. साखळीतल्या बरोबरीवर वरवर दोघेही कुरकुरतात. पण आठवडाभर टोमणे ऐकायचे नाहीत, ही सोय दोघांनाही पटलेली असते.

छेत्रीने तेव्हा निवृत्तीचा म्हणून जो सामना खेळला, तोही बरोबरीतच गेला. 6 जून 2024, सॉल्ट लेक, कुवेत, शून्य-शून्य. तोवर 94 आंतरराष्ट्रीय गोल केलेला माणूस गोलविना बाहेर पडत होता आणि विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीसाठी हवा असलेला विजयही निसटला होता. या बरोबरीवर काय करावे हे प्रेक्षकांना ठरवावेच लागले नाही. छेत्री रडत मैदानाला फेरी मारत होता आणि सगळे त्याच्यासाठी उभे होते. निकालाची आठवण बहुतेकांना घरी पोहोचताना झाली. मग नेहमीचे गणित सुरू झाले. गटात आता एकच सामना उरला होता, आणि तो होता दोह्यात, कतारशी, त्याच जासिम बिन हमद स्टेडियमवर.

11 जूनला तिथे 37 व्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने गोल करून भारताला पुढे नेले. 73 व्या मिनिटाला कतारने बरोबरी साधली, आणि त्या गोलआधी चेंडू गोलरेषेबाहेर, मैदानाच्या बाहेर गेला होता असे चित्रफितीत दिसत होते. पंचांनी गोल दिला. 85 व्या मिनिटाला कतारचा दुसरा गोल झाला. पुढचे काही दिवस चाहते त्या रेषेवरून भांडत राहिले, ते साहजिकच होते. पण त्या 73 ते 85 या बारा मिनिटांत अनेकांनी फोनवर दुसरा सामनाही उघडून ठेवला होता, कुवेत आणि अफगाणिस्तानचा. तो बरोबरीत सुटला असता, तर दोह्यातला एक गुण भारताला पुढच्या फेरीत नेणार होता. कुवेतने तो 1-0 ने जिंकला आणि सात गुणांवर गेले. भारत बरोबरीत राहिला असता तर त्याचे सहा झाले असते.